महाविद्यालयाचा खर्च आणि घरातील मौन

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ प्रवेश परीक्षांचे गुण जाहीर होतात, आणि पावसाळ्यात प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या म्हणजे आपल्या शहरातील हजारो घरांत एकाच प्रकारची धावपळ दृष्टीस पडते. यादीत मुलाचे नाव लागते. जागा पक्की करण्यास चार-दोन दिवसांची मुदत असते. आणि तेवढ्या अवधीत घरातील कर्त्या माणसाला मुदतीच्या ठेवी मोडाव्या लागतात, पतपेढीकडे अर्ज करावा लागतो, मेहुण्याकडे शब्द टाकावा लागतो. एवढ्यानेही भागले नाही तर गृहिणीच्या पाटल्या गहाण पडतात. निकालाचे पेढे अजून पुरते वाटून झालेले नसतात, तोच ही पाळी येते. आणि नवल असे की, जो प्रसंग अवकाळी पावसासारखा कोसळला असे वाटते, त्याचे वर्ष अठरा वर्षांपूर्वीच ठरून गेलेले असते. लग्नाची तिथी मागे-पुढे होऊ शकते, घर बांधावयाचे दोन वर्षे लांबणीवर टाकता येते. परंतु मूल कोणत्या साली बारावी होणार, हे बारशाच्या दिवशी कोणालाही बोटांवर मोजून सांगता येईल.

या अवस्थेचा सारा दोष पालकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. आजच्या पालकांच्या पिढीला जे वळण लागले ते स्वस्त शिक्षणाच्या काळात लागले, आणि त्या काळाच्याही मागे महाराष्ट्राची एक मोठी परंपरा उभी होती. गरिबाच्या मुलाचे शिक्षण हा समाजाचा प्रश्न आहे, एकट्या घराचा नव्हे, असे मानणारी ती परंपरा. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांच्या कथा आपण आजोबांकडून ऐकल्या. त्या व्यवस्थेला जातीच्या भिंती होत्या हे विसरता येत नाही, आणि त्या ओळखूनच शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र खेड्यापाड्यांत नेला. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून बाहेरगावच्या गरजू विद्यार्थ्यांना निवारा देत आली आहे. राज्य शासनानेही साठच्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फी माफ करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बाराशे रुपये होती. आजच्या वाचकाला तो आकडा गमतीचा वाटेल. पण ‘ई. बी. सी.’ या तीन अक्षरांवर शिकून मोठ्या पदांना पोचलेले लोक आजही आपल्या शेजारी राहतात.

हे चित्र पालटले ते १९८३ पासून. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. तिच्यामुळे कर्नाटकात जाऊन पैसे मोजणाऱ्या मुलांना आपल्या जिल्ह्यात शिकता येऊ लागले, हे खरे. त्या धोरणाला सरसकट दूषण देणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु त्या दिवसापासून व्यावसायिक शिक्षणाचा भार शासनाच्या खांद्यावरून उतरून कुटुंबाच्या खांद्यावर आला, ही गोष्ट कोणी स्पष्ट शब्दांत सांगितली नाही. देणग्यांना आळा घालण्यासाठी १९८७ चा कायदा आला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात विनाअनुदान संस्थांना फी ठरविण्याची मुभा दिली, नफेखोरीला मात्र मनाई केली. २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले. कायद्यामागून कायदे आले आणि त्यांनी काही काम निश्चित केले; पण खर्च घराच्या अंगावर आला तो आलाच. केवळ खासगी संस्थांचीच ही गोष्ट नव्हे. आय. आय. टी. ही तर केंद्र सरकारची संस्था. तेथील पदवीचे वार्षिक शिक्षण शुल्क २०१६ साली नव्वद हजारांवरून एकदम दोन लाख रुपयांवर गेले.

खर्च पालटला, घरातील रीत पालटली नाही. मध्यमवर्गीय घरात भाजीच्या भावावर चर्चा होते, सदनिकेच्या हप्त्यावर होते, शेजाऱ्याने घेतलेल्या मोटारीच्या किमतीवर तर फारच होते. परंतु मुलाच्या शिक्षणासाठी आपल्यापाशी किती पैसा आहे आणि किती नाही, हा विषय मुलासमोर निघत नाही. “तू फक्त अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहून घेऊ,” हे वाक्य बोलताना बापाच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण त्या वाक्यामुळे मूल आंधळेपणाने पसंतीक्रमाचा अर्ज भरते. चार वर्षांत घराला किती झीज सोसावी लागेल याची त्याला कल्पना नसते; म्हणून घराजवळचे शासकीय महाविद्यालय आणि शंभर कोसांवरचे खासगी महाविद्यालय ही त्याच्या लेखी केवळ दोन नावे असतात. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले आहे. पालकसभेत गणिताच्या गुणांविषयी, शिकवणीविषयी, अक्षराच्या वळणाविषयीदेखील प्रश्न येत. पुढील शिक्षणाला किती खर्च येईल, असे विचारणारा पालक त्या साऱ्या वर्षांत आम्हांला भेटल्याचे स्मरत नाही. तो विषय चारचौघांत काढणे म्हणजे आपली ऐपत उघडी करणे, अशी समजूत असते. सोळा वर्षांच्या मुलाला घरचा जमाखर्च कळला तर त्याचे मन मोडेल, ही भीती आम्हांला व्यर्थ वाटते. सोळा वर्षांची मुले पालक समजतात त्यापेक्षा पुष्कळ समंजस असतात, आणि पुष्कळदा घरची ओढाताण त्यांना न सांगताही ठाऊक असते.

हिशेब करावयाचा तर तो पुरा केला पाहिजे. पहिल्या वर्षाची फी म्हणजे खर्च नव्हे. तिच्यात वसतिगृह नाही, खाणावळ नाही, घर भाड्याने घेतल्यास द्यावी लागणारी अनामत नाही, संगणक नाही, गणपती-दिवाळीला घरी येण्याजाण्याचे भाडे नाही. पुण्यामुंबईस राहून शिकणाऱ्या मुलाचा राहण्याजेवण्याचा खर्च कित्येकदा फीच्या बरोबरीने चालतो. ज्याने फी माफ होणार म्हणून निश्चिंत व्हावे, त्याला पहिल्याच सत्रात याची जाणीव होते.

आता बचतीचे पाहू. महिना तीन हजार रुपये सात टक्के व्याजाने दहा वर्षे साठविले तर सुमारे पाच लाख एकोणीस हजार रुपये होतात. तेवढीच रक्कम पाच वर्षांत उभी करावयाची तर महिन्याला सव्वासात हजारांहून अधिक बाजूला काढावे लागतील. म्हणजे मूल आठ वर्षांचे असताना जे काम तीन हजारांत होते, ते तेराव्या वर्षी सुरू केले तर अडीचपटीने महाग पडते. दुसरीही बाजू ध्यानात ठेवावी. आज सहा लाखांत होणारे शिक्षण दरसाल सहा टक्क्यांनी महागत गेले तर दहा वर्षांनी पावणेअकरा लाखांच्या घरात जाईल. तेव्हा साठविलेल्या पैशांतून सारा खर्च निघेल अशी आशा बाळगू नये; निम्मा निघाला तरी कर्जाचा भार निम्म्यावर येतो, आणि हे काही थोडेथोडके नव्हे. पैसा कोठे ठेवावा, याविषयी ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे मत असणार. पोस्टातील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी पंधरा वर्षांचा असतो, म्हणून तो मूल तीन वर्षांचे होण्यापूर्वीच उघडलेला बरा. मुलींसाठी २०१५ पासून चालू असलेल्या सुकन्या समृद्धी योजनेचे खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येते, आणि दहावीनंतर अथवा अठरा वर्षे पुरी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. एवढे मात्र आम्ही बजावून सांगू : ओळखीचा एजंट दिवाणखान्यात बसून विमा आणि शिक्षणनिधी यांची मोट बांधलेली पॉलिसी गळ्यात मारू लागला तर भिडेला बळी पडू नये. विमा घरातील मिळवत्या माणसाच्या जिवाचा उतरावयाचा असतो, आणि तो स्वस्तातल्या साध्या मुदत विम्याने भागतो. बचतीचे काम त्याच्या गळ्यात बांधले की दोन्ही कामे अर्धवट होतात.

यापुढील मुद्दा नाजूक आहे. मुलाच्या पदवीसाठी बाप आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो, आणि समाज त्याला त्यागी पुरुष म्हणून गौरवितो. आम्हांला हा गौरव अनाठायी वाटतो. शिक्षणासाठी बँक कर्ज देते. साठाव्या वर्षी दोन वेळचे जेवण आणि औषधपाणी यांसाठी जगातील कोणतीही बँक कर्ज देत नाही. आज निधी मोडणारा बाप वीस वर्षांनी त्याच मुलाच्या संसारावर ओझे होऊन बसतो, आणि मग उभयपक्षी जो कडवटपणा येतो त्याची उदाहरणे प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत सापडतील.

कर्ज म्हटले की आमच्या वर्गाच्या कपाळाला आठी पडते. ऋण हे पाप, ही शिकवण पुरेशी खोल गेलेली आहे. गंमत एवढीच की घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढताना ती आठवत नाही. शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावे असते, बाप सहकर्जदार असतो, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारणतः एक वर्षाने सुरू होऊन पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. चार लाखांपर्यंत तारण मागावयाचे नाही, हा बँकांचा जुनाच दंडक आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र कर्जांना २०१५ पासून पतहमी निधीचे पाठबळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. आरंभी निवडलेल्या ८६० संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज द्यावे, आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे व ज्यांना अन्य सरकारी शिष्यवृत्ती नाही त्यांपैकी ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होईपर्यंतच्या व्याजात तीन टक्के सूट मिळावी, असे तिचे स्वरूप आहे. तरीही शाखेत गेलेल्या पालकाला “घराचे कागद आणा” असे ऐकावे लागत असेल, तर त्याने नकाराचे कारण लेखी मागावे. लेखी मागितल्यावर पुष्कळ नकार विरघळतात.

कर्जाचा एक बारकावा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. समजा, चार वर्षे दरसाल दीड लाख असे सहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले. शिक्षणाच्या चार वर्षांत आणि पुढील एका वर्षात काहीच भरले नाही तर सरळ व्याजानेही दोन लाख दहा हजार रुपये चढतात, आणि परतफेड सुरू होताना कर्ज आठ लाख दहा हजारांचे होते. दहा वर्षांत ते फेडावयाचे तर हप्ता सुमारे दहा हजार सातशे रुपये पडतो. याउलट पालकाने त्या काळात केवळ व्याज भरत जावे : पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे, दुसऱ्या वर्षी अडीच हजार, तिसऱ्या वर्षी पावणेचार हजार, त्यापुढे पाच हजार. मग कर्ज सहा लाखांवरच राहते आणि मुलाचा हप्ता आठ हजारांच्या आत येतो. सारे मिळून सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. ज्या घराला एकरकमी दीड लाख उभे करणे जड जाते, त्याला साडेबाराशे रुपये जड जात नाहीत. ठेव मोडण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, असे आमचे मत आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे प्राप्तिकरात वजावट मिळते, परंतु ती जुन्या करपद्धतीत. नवी पद्धत पत्करणाऱ्याला तिचा लाभ नाही.

कर्ज किती काढावे, याला मर्यादा असलीच पाहिजे. जेथून बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिली नोकरी महिना वीस-पंचवीस हजारांची मिळते, अशा महाविद्यालयासाठी पंधरा लाखांचे कर्ज काढणे म्हणजे मुलाच्या तारुण्याची दहा वर्षे गहाण टाकणे होय. महाविद्यालयाच्या रंगीत माहितीपुस्तकात सर्वांत मोठा पगार छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. पालकाने विचारावे ते मधल्या विद्यार्थ्याविषयी, आणि विचारावे ते संस्थेच्या कार्यालयात नव्हे, तर फाटकाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना.

शासनाच्या सवलती थोड्या नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. जुलै २०२४ मध्ये शासनाने याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय खरोखर अभिनंदनीय आहे. ‘मुलीसाठी ठेवलेला पैसा लग्नाचा, मुलासाठी ठेवलेला शिक्षणाचा’ ही जी वाटणी अजून सुशिक्षित घरांतही गुपचूप चालते, तिच्या मुळावर तो घाव घालतो. परंतु व्यवस्थापन कोट्यातील जागांना व खासगी आणि अभिमत विद्यापीठांना तो लागू नाही, आणि वसतिगृह-खाणावळीचा खर्च त्यात येत नाही. प्रत्येक तांत्रिक अभ्यासक्रमात पाच टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफ असलेल्या असतात. गुण चांगले असूनही केवळ माहिती नसल्याने त्या पर्यायाचा अर्ज न भरणारे कितीतरी असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीची व नॉन-क्रीमी लेयरची प्रमाणपत्रे यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. ज्याचा उत्पन्नाशी संबंध नाही ते कागद तरी अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत करून ठेवणे काही अवघड नाही.

येथे शासनाला दोन खडे बोल ऐकविणे प्राप्त आहे. शिष्यवृत्तीचा पैसा ‘महाडीबीटी’च्या मार्गाने येतो, पण वेळेवर येतो असे म्हणण्यास छाती होत नाही. वर्ष उलटते तरी हप्ता जमा होत नाही. संस्था अडून बसते, आणि “आधी भरा, मग शासनाकडून परत घ्या” असे सांगते. ज्याच्याजवळ आधी भरण्यास पैसा आहे, त्याच्यासाठी सवलत निघालीच नव्हती. संस्थेने असे पैसे मागू नयेत अशी परिपत्रके निघतात, पण ज्या परिपत्रकाबरोबर पैसा येत नाही त्याला संस्थाचालक का भीक घालतील? दुसरे, आठ लाखांची ही रेघ. पती-पत्नी दोघे नोकरी करून सात लाख नव्वद हजार मिळवितात, त्यांना निम्मी फी माफ. शेजारी आठ लाख दहा हजार मिळवितात, त्यांना एक पैसाही नाही. वीस हजारांच्या अंतरासाठी चार वर्षांत लाख-दोन लाखांचा फटका! त्यातही पगारदाराचे उत्पन्न कागदावर पैसान् पैसा दिसते, आणि ज्यांचे दिसत नाही त्यांचे दाखले कसे मिळतात हे तहसील कचेरीच्या पायऱ्यांनाही ठाऊक आहे. आय. आय. टी. मध्ये एक लाखाच्या आत पूर्ण माफी आणि पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी अशी उतरंड तरी आहे. राज्यानेही आठ लाखांपाशी कडा न ठेवता बारा-पंधरा लाखांपर्यंत सवलत पायरीपायरीने उतरवीत न्यावी. त्यासाठी लागणारा पैसा अवाढव्य आहे असे कोणी म्हणेल. त्याने विधिमंडळात दरवर्षी मंजूर होणाऱ्या पुरवणी मागण्यांच्या याद्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

प्रवेश घेऊन तो रद्द करणाऱ्यांचीही अशीच अडवणूक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी जागा सोडल्यास किरकोळ वजावट करून सारी फी परत मिळावयास हवी, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. दाखले परत मिळविण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या पालकांनी त्या अधिसूचनेची प्रत खिशात ठेवावी.

शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क मंजूर करते आणि ते प्रसिद्धही करते. त्याला आमची सूचना आहे. मंजूर शुल्काबरोबर वसतिगृह, खाणावळ, बस, अनामत आणि विविध नावांखाली घेतल्या जाणाऱ्या इतर रकमा धरून संपूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च प्रत्येक संस्थेकडून लिहून घ्यावा, आणि पसंतीक्रमाचा अर्ज भरताना तो आकडा महाविद्यालयाच्या नावासमोरच विद्यार्थ्याला दिसेल अशी व्यवस्था करावी. प्रवेश नियामक प्राधिकरण आणि हे प्राधिकरण एकाच कायद्याने जन्मलेली आहेत. दोघांनी एकत्र बसून हे काम पुढील वर्षीच्या पहिल्या फेरीपूर्वी उरकण्यास कोणतीही अडचण असण्याचे कारण नाही.